शिमला पाहावे पायांनी

सुट्टीचे दिवस जवळ आले की दवाखान्यात एक प्रश्न हमखास कानी पडतो : ‘‘डॉक्टर, आईबाबांना घेऊन शिमल्याला जातोय, झेपेल ना त्यांना?’’ या प्रश्नामागे खर्चाची चिंता असते आणि दम लागण्याचीही. पुष्कळ घरांत यावर एक सोपा तोडगा निघतो. तरुण मंडळी भटकतात आणि आजी-आजोबा हॉटेलच्या खोलीत बसून राहतात. हजारो रुपये खर्चून केलेल्या सहलीत त्यांच्या वाट्याला केवळ खिडकी यावी, हे योग्य नव्हे. शिमल्यात तर त्याची मुळीच गरज नाही; कारण या नगरीतील उत्तम ते बहुतेक विनामूल्य आहे आणि सावकाश चालणाऱ्यालाच ते नीट दिसते.

शिमला समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवर वसले आहे. या उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने प्रत्येक श्वासागणिक मिळणारा प्राणवायू मुंबईच्या तुलनेत एक-पंचमांशाहून अधिक घटतो. निरोगी माणसाला एवढ्याने सहसा अपाय होत नाही. मात्र घरी न लागणारा दम येथे दोन जिन्यांतच लागतो. म्हणून पहिला दिवस शरीराला नव्या हवेची ओळख होण्यासाठी राखून ठेवावा.

त्या दिवसासाठी ‘रिज’ हे विस्तीर्ण, बऱ्याच अंशी सपाट पटांगण उत्तम. पर्यटकांच्या वाहनांना येथे मज्जाव असल्याने मुलांना मोकळे सोडता येते आणि वृद्धांना बाकावर निवांत बसता येते. हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला हिमशिखरांची रांग दिसते. पूर्वेच्या टोकाला पिवळसर रंगाचे क्राइस्ट चर्च आहे. पायांखाली ब्रिटिश काळातील पाण्याची प्रचंड टाकी आहे, हे नातवंडांना अवश्य सांगावे. शिमल्याच्या या डोंगररांगेच्या एका उतारावरचे पाणी सतलजला मिळते, तर दुसऱ्या उतारावरचे यमुनेला. भूगोलाचा असा धडा पुस्तकात क्वचितच इतका जिवंत होतो. रिजच्या खालून मॉल रोड जातो. १८८७ साली उभारलेले गेइटी थिएटर बाहेरून न्याहाळण्यास आणि दुकानांसमोरून नुसते हिंडण्यास पैसे पडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी स्कँडल पॉइंटपासून पश्चिमेकडे निघावे. थोडे वर कालीबाडी मंदिर आहे. ज्या श्यामला देवीच्या नावावरून शिमला हे नाव आले असे मानतात, तिचे दर्शन येथे घडते. पुढे गॉर्टन कॅसलची दगडी वास्तू, मग चौडा मैदान आणि शेवटी, पूर्वी व्हाइसरॉयचे निवासस्थान असलेली उच्च अध्ययन संस्था. संस्थेच्या आवारात तिकीट आहे. देवदारांच्या सावलीतील वाट मात्र फुकट. काही भागांत वाहने येतात, तेव्हा कडेने चालावे. चालताना पूर्ण वाक्ये बोलता आली पाहिजेत. शब्द तुटू लागले की थांबावे. वेग ठीक आहे की नाही, हे सांगणारे याहून सोपे माप नाही.

जाखू टेकडीचा विचार वेगळा करावा. २,४५५ मीटर उंचीवर हनुमानाचे मंदिर आणि १०८ फुटी मूर्ती आहे; दर्शन विनामूल्य. परंतु रिजपासूनचा चढ सुमारे अडीचशे मीटरचा, म्हणजे तीन मीटरचा एक मजला धरला तर ऐंशीहून अधिक मजले! हृदयविकार, दमा किंवा गुडघ्याची झीज असलेल्यांनी तेथे रोपवेचे पैसे खुशाल मोजावेत. तसेच कार्ट रोडवरून मॉलवर येण्यासाठी लिफ्ट आहे. फुकटच्या हट्टापायी पायऱ्या चढून दिवस वाया घालवू नये. उतरताना गुडघ्यांवर चढापेक्षा अधिक भार येतो. काठी आणि न घसरणारे बूट तेव्हा उपयोगी पडतात.

जाखूवर माकडांपासून सावध राहावे. चष्मा, टोपी, खाऊ यांवर ती झडप घालतात. वस्तू सोडून द्यावी, ओढाताण करू नये. चावा किंवा ओरखडा बसल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना यांपैकी काहीही लावू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि घरी परतल्यावरही लसीचे उरलेले डोस चुकवू नयेत. रेबीजवरील उपचार स्वस्त करण्याच्या कार्यासाठी २०१९ मध्ये पद्मश्रीने गौरवलेले डॉ. ओमेश भारती याच शिमल्याचे.

निघण्यापूर्वी ज्येष्ठांचा रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. नुकताच हृदयविकाराचा झटका आला असल्यास आपल्या डॉक्टरांच्या अनुमतीशिवाय जाऊ नये. नेहमीची औषधे सुटकेसमध्ये न ठेवता जवळच्या पिशवीत असावीत. मधुमेहींनी खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. कारण सवयीपेक्षा अधिक चालल्याने रक्तातील साखर एकाएकी उतरू शकते. थंडीत तहान जाणवत नाही, म्हणून आठवणीने पाणी प्यावे. पहाटेच्या गारठ्यात हृदयरुग्णांनी बाहेर पडू नये, ऊन वर येऊ द्यावे. छातीत दाटून आले, विश्रांतीनेही दम कमी होईना, तर सहल तिथेच थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी.

घरातील सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या वेगाने साऱ्या कुटुंबाने चालावे, एवढा एकच नियम पाळावा. मुले कंटाळतील असे वाटते खरे. पण आजोबा बाकावर टेकले की तीही शेजारी बसतात, पाइनची सुकी फळे वेचतात, प्रश्न विचारतात. सूर्य मावळताना रिजवर सगळे एकत्र असावेत. त्या सोहळ्याला तिकीट नाही.