खेळयंत्रांची स्पर्धा आणि मध्यमवर्गाचे गणित

वर्तकनगरच्या म्हाडा वसाहतीत ज्यांचे बालपण १९९० च्या दशकात गेले, त्यांना मे महिन्यातील दुपारचे एक दृश्य निश्चितच आठवत असेल. इमारतीतील एखाद्याच घरी ‘व्हिडिओ गेम’ असे आणि त्या घरच्या दूरदर्शन संचासमोर फरशीवर शेजारपाजारची आठ-दहा मुले दाटीवाटीने बसलेली असत. एकाची ‘लाइफ’ संपली की ‘रिमोट’ दुसऱ्याच्या हाती जाई. कॅसेट चालेनाशी झाली की तिच्यात फुंकर मारण्याचा अधिकार घरच्या मुलाकडे असे. एक यंत्र, चार-पाच कॅसेटी आणि संपूर्ण जिना त्यांचा वाटेकरी, अशी ती व्यवस्था होती. आता त्याच परिसरात पुनर्विकासाचे मनोरे उभे राहत आहेत आणि घराघरांतील मुले आईवडिलांपुढे निराळाच प्रश्न टाकीत आहेत : प्लेस्टेशन घ्यायचे की एक्सबॉक्स?

प्रश्न पोरकट वाटेल; परंतु अर्ध्या लाख रुपयांच्या खरेदीचा प्रश्न कोणत्याही मध्यमवर्गीय कुटुंबात पोरकट असू शकत नाही. शिवाय या दोन यंत्रांच्या स्पर्धेआड मालकी हक्काचा एक मूलभूत मुद्दा दडलेला आहे. त्याकडे आपल्याकडे फारसे कोणी लक्ष दिलेले नाही.

नकलेचा विजय

या धंद्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १९८३ मध्ये अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा बाजार सुमार खेळांच्या महापुराने कोसळला आणि अटारीसारख्या बलाढ्य कंपनीचे कंबरडे मोडले. त्याच वर्षी १५ जुलै रोजी जपानमध्ये निंटेंडो या कंपनीने ‘फॅमिकॉम’ हे यंत्र बाजारात आणले. १८८९ मध्ये क्योटो येथे पत्ते तयार करण्यासाठी स्थापन झालेली ही कंपनी पुढे सगळ्या जगाची खेळगडी बनली. मात्र भारतात हे यंत्र पोचले ते मुख्यत्वे नकलेच्या रूपाने. ‘मीडिया’, ‘टर्मिनेटर’, ‘लिट्ल मास्टर’ अशा नावांनी घरोघरी शिरलेली यंत्रे म्हणजे बव्हंशी फॅमिकॉमचीच भावंडे होती. कॅसेटवर ‘९९९९९९ इन १’ असे छापलेले असे. आत खेळ मोजकेच, तेच ते फिरून येणारे. पण त्याबद्दल कोणी ग्राहक न्यायालयात गेल्याचे ऐकिवात नाही.

अस्सल मालाने आपल्याकडे येण्याचा प्रयत्न केलाच नाही असे नाही. एप्रिल १९९५ मध्ये सेगा या जपानी कंपनीने मद्यनिर्मितीसाठी प्रसिद्ध असलेल्या शॉ वॉलेसशी करार केला. ८० टक्के आयातशुल्क टाळावे हा त्यामागील हेतू होता. तरीही ‘मेगा ड्राइव्ह’ची किंमत १८,००० रुपये ठेवावी लागली. गिरणीत, कारखान्यात वा सरकारी कचेरीत नोकरी करणाऱ्या त्या काळच्या ठाणेकराला ही रक्कम मुलाच्या खेळण्यासाठी खर्चणे केवळ अशक्य होते. यंत्र उत्तम होते यात शंका नाही; परंतु फार तर हजार-दोन हजारांत मिळणारी नक्कल आणि तिच्या उसन्या मिळणाऱ्या कॅसेटी यांच्यापुढे ते टिकणार कसे? सहा वर्षांनी, २००१ मध्ये, सेगाने यंत्रे बनविण्याचा व्यवसायच सोडला. भारतीय बाजारपेठेने शिकविलेला पहिला धडा हा : येथे यंत्राच्या सामर्थ्यापेक्षा एकूण खर्चाचे गणित निर्णायक ठरते.

यंत्र स्वस्त, खेळ महाग

हे गणित कसे चालते ते पाहणे आवश्यक आहे. खेळयंत्राच्या विक्रीतून कंपनीला फारसा नफा होत नाही. कित्येकदा आरंभी तोटाच सोसावा लागतो. तो भरून निघतो तो खेळांच्या विक्रीतून आणि प्रत्येक खेळामागे मिळणाऱ्या हिश्शातून. भारतात एक्सबॉक्स ३६० सप्टेंबर २००६ मध्ये आले, तेव्हा त्याची साधी आवृत्ती १९,९९० रुपयांना होती. प्लेस्टेशन ३ एप्रिल २००७ मध्ये आले ते ३९,९९० रुपयांना. सामान्य ग्राहक मात्र दोहोंकडे पाठ फिरवून दीर्घकाळ जुन्या प्लेस्टेशन २ लाच चिकटून राहिला. ज्या यंत्राचे जगभर साडेपंधरा कोटींहून अधिक नग विकले गेले, त्याच्या डिस्का सहज मिळत, हातोहात फिरत आणि, हेही मान्य केले पाहिजे, पदपथावर बेकायदेशीरपणे विकल्याही जात.

चालू पिढीचे प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी ४९,९९० रुपयांना आले आणि त्यावरील काही नव्या खेळांची किंमत ४,९९९ रुपये ठेवण्यात आली. म्हणजे दहा खेळ घेतले की दुसऱ्या यंत्राचे पैसे झाले! अशा वेळी खेळून झालेली डिस्क विकणे वा मित्राशी बदलणे ही चैन राहत नाही. तो या छंदाचा आर्थिक पायाच ठरतो.

२०२१ च्या दिवाळीत आमच्या शेजारचे, कापड गिरणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ नातवासाठी यंत्र घेण्याचा विचार करीत होते. प्लेस्टेशन तेव्हा दुकानांत दुर्मिळ होते. एक्सबॉक्सच्या दोन आवृत्त्यांच्या किमती त्यांनी कागदावर लिहून आणल्या होत्या : ४९,९९० आणि ३४,९९०. “एकाच कंपनीची दोन्ही, मग पंधरा हजारांचा फरक कशापायी?” त्यांनी विचारले. स्वस्त यंत्राची ताकद कमी आहे आणि त्याला डिस्क घालण्याची खाचच नाही, खेळ सगळे इंटरनेटवरून विकत घ्यायचे, असे मी सांगितले. त्यावर क्षणभर थांबून ते म्हणाले, “म्हणजे खेळून झाला तरी कुणाला द्यायचा नाही?”

या एका प्रश्नात सगळ्या स्पर्धेचे मर्म सापडते.

मालक कोण?

डिस्क ही वस्तू आहे. ती देता येते, विकता येते, वारसाने ठेवता येते. इंटरनेटवरून घेतलेला खेळ हा वस्तुतः एक परवाना आहे. तो दुसऱ्याच्या नावे करता येत नाही आणि कंपनीचे दुकान बंद झाले तर त्याचे भवितव्य कंपनीच्या मर्जीवर राहते. मायक्रोसॉफ्टचा ‘गेम पास’ तर भाड्याचाच व्यवहार आहे. स्वस्त भाड्याचे आमिष मोठे असते, परंतु भाडे वाढविण्याचा अधिकार मालकाकडे असतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये या योजनेच्या सर्वांत वरच्या श्रेणीचा अमेरिकेतील मासिक दर २० डॉलरांवरून ३० डॉलरांच्या घरात गेला, हे उदाहरण पुरेसे बोलके आहे. निंटेंडोच्या २०२५ मधील ‘स्विच २’ यंत्रासाठी निघालेली काही कार्डेही केवळ किल्लीसारखी आहेत. प्रत्यक्ष खेळ इंटरनेटवरूनच उतरवून घ्यावा लागतो.

या स्पर्धेत जिंकणार कोण? मायक्रोसॉफ्टने ‘फोर्झा होरायझन ५’ सारखा आपला हुकमी खेळ २०२५ मध्ये प्लेस्टेशनवर आणला. त्यावरून यंत्रापुरत्या लढाईत सोनीची सरशी झाली असे म्हणता येईल. पण आपल्याकडे दोघांचाही खरा प्रतिस्पर्धी खिशातला मोबाइल आहे. २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर डेटा स्वस्त झाला आणि वेगळे यंत्र न घेता खेळण्याची सोय झाली. सप्टेंबर २०२० मध्ये ‘पबजी’वर बंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये तोच खेळ नव्या नावाने परतला, मोबाइलवरील खेळाची ओढ किती खोल रुजली आहे, हे त्यावरून दिसते. मात्र तेथे खेळ फुकट आणि खेळातल्या वस्तू विकत, असा उलटा हिशेब आहे. आणि मूल एकटेच कोपऱ्यात बसते.

या बाजारपेठेकडे गुणवत्ता नाही असे मुळीच नाही. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने केलेला ‘राजी’ हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये सर्वप्रथम निंटेंडो स्विचवर प्रसिद्ध झाला. हे यंत्र तेव्हा भारतात अधिकृतरीत्या विकलेही जात नव्हते! आपला खेळ आपल्याच दुकानात न मिळणाऱ्या यंत्रावर आधी यावा, याहून बोलका विरोधाभास कोणता?

सरकारने २२ डिसेंबर २०१८ च्या जीएसटी परिषदेत खेळयंत्रांवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणून एक पाऊल टाकलेच होते. पुढचे पाऊल ग्राहकहक्काचे असावयास हवे. विकत घेतलेला डिजिटल खेळ कुटुंबातील दुसऱ्याच्या नावे करता यावा आणि दुकान बंद झाले तरी तो खेळता यावा, एवढी हमी कायद्याने मिळाली पाहिजे. कंपन्यांनीही भारतासाठी डिस्क असलेले यंत्र कायम ठेवण्यातच त्यांचे हित आहे. कारण पन्नास हजारांचे यंत्र येथे एकट्याच्या बळावर खपत नाही, ते वापरलेल्या खेळांच्या देवघेवीवर तगते.

आमच्या शेजाऱ्यांनी अखेरीस थोडे थांबून डिस्कचे यंत्र घेतले. त्यांच्या नातवाने पहिला खेळ संपवून तो खालच्या मजल्यावरच्या मित्राला दिला आणि त्याच्याकडचा वर आणला. यंत्र नवे, जिनाही नवा. व्यवहार मात्र जुनाच आहे. तो मोडून काढणारी कंपनी आपला या देशातील बाजार आपल्याच हाताने लहान करील.