चोचीने शोधणारा प्राणी

प्लॅटिपस हा पूर्व ऑस्ट्रेलिया व टास्मानिया येथील गोड्या पाण्याच्या नद्या-ओढ्यांत वावरतो आणि काठाच्या मातीत बीळ करून राहतो. ‘प्लॅटिपस’ म्हणजे सपाट पायांचा. नाव ठेवणाऱ्याचे लक्ष पायांकडे गेले, खरे नवल मात्र चोचीत आहे. बुडी मारताना तो डोळे, कान व नाकपुड्या मिटून घेतो. मग भक्ष्य सापडते कसे? तळाशी हालणाऱ्या कीटकांच्या अळ्या, कोळंबी, कृमी यांच्या स्नायूंतून उमटणारी सूक्ष्म वीज त्याच्या चोचीच्या मऊ त्वचेला जाणवते. भक्ष्य गालांतील पिशव्यांत साठवून तो पृष्ठभागावर येतो आणि तेथे ते भरडतो. प्रौढ प्लॅटिपसला दात नसतात, कठीण पट्ट्या असतात. त्याचे बहुतेक सर्व अन्न तळाशीच असल्यामुळे ओढा आटला की त्याची उपासमार होते.