०२५२८

सकाळी सहा. डहाणू रोड स्टेशनबाहेरचं माझं एसटीडी बूथ पहिल्या गाडीच्या आधी उघडायचं. १९९० नंतरची ही वर्षं. भिंतीवर कोड लिहिलेला: डहाणू ०२५२८, खाली तलासरी ०२५२१. शेजारचेच तालुके, पण कोड वेगळे.

साडेसात. पहिलं गिऱ्हाईक चिकूच्या वाडीवाले शेठ. नंबर मुंबईच्या दलालाचा, प्रश्न एकच: "काल काय भाव गेला?" चिकू तोडला की चार-पाच दिवसांत पिकतो, थांबवून ठेवता येत नाही. म्हणून आधी भाव, मग तोड. भाव पडला की शेठ फोन ठेवून गड्याला सांगायचे, आज निम्मीच माणसं घे. उरलेल्या वारली बायामाणसांचा रोज तिथेच बुडायचा. मीटरवरचे लाल आकडे पळताना मला वाडीच्या फाटकाशी उभी असलेली ती माणसं दिसायची. २०१६ साली डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हाही मला तीच आठवली.

अकरा. चिंचणीचे डायमेकर. घराच्या पडवीत बसून पोलादाच्या ठोकळ्यावर ते दागिन्याची नक्षी उलटी कोरतात. झवेरी बाजारातल्या सोनाराला नक्षी फोनवर समजावताना बोट काउंटरवर फिरायचं: पाकळी इथे, वेल अशी. १९९१ च्या पर्यावरण अधिसूचनेने डहाणूत मोठ्या कारखान्यांना आवर घातला. वाडी, समुद्र आणि अशी घरची कारागिरी हाच इथला धंदा राहिला. मला ते बरंच वाटतं.

दुपारी सामसूम. संध्याकाळी ट्रक भरले की दिल्लीचे फोन, ०११, घाईघाईत.

रात्री दर उतरायचे आणि फोन उलट्या दिशेने यायचे. कितीतरी घरांत फोन नव्हता; त्यांचा पीपी, म्हणजे निरोपाचा नंबर माझाच होता. पावसाळा सरला की डहाणू-तलासरीचे आदिवासी तरुण उचल घेऊन पोरबंदर, ओख्याच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रात हद्द दिसत नाही. बोट पलीकडे गेली तर थेट कराचीचा तुरुंग. म्हणून बोट बंदराला लागली की फोन.

तलासरीकडची एक बाई दर बाजाराच्या दिवशी येऊन बाकावर बसायची. तीन आठवडे रिकामी गेली. मग एका बाजाराच्या रात्री सव्वादहाला घंटा वाजली, पलीकडून पोरबंदर. तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. बराच वेळ नुसतं ऐकलं. मग विचारलं, "जेवलास का?"

मी पैसे घेतले नाहीत. आलेल्या फोनचे घेतच नसे. तिची शेवटची गाडी गेली होती. "भाऊ, फलाटावर झोपते, सकाळी जाईन," म्हणाली. मी शटर अर्ध्यावर ओढलं आणि तिला आत बाकावर निजू दिलं.