शिशाची गोळी आणि दूरचा नेम

हिंवाळ्यांत ज्वारी हुरड्यावर आली म्हणजे आमच्या यवतमाळ जिल्ह्यांतील शेतकरी रात्रीं जागलीला जातात, हें आपणां सर्वांस ठाऊक आहेच. रानडुकरांचा कळप एका रात्रींत उभें पीक आडवें करतो. आणि रोही दिसण्यांत गरीब असला तरी तुरीच्या शेंगा खातांना तो मागेंपुढें पाहत नाहीं. म्हणून मचाणाखालीं शेकोटी, हातांत पत्र्याचा डबा आणि सोबतीला कुत्रें, एवढ्या सामग्रीवर शेतकरी रात्र काढतो. कांहीं थोड्या घरांत परवान्याची ठासणीची बंदूकही असते. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमांत पीकसंरक्षणाकरितां अशा बंदुकीचा उल्लेख मुद्दाम केलेला आहे. परंतु ह्या बंदुकीचा नेम थोड्या पावलांपलीकडे भरंवशाचा नसतो, हें ती बाळगणारा प्रत्येक मनुष्य जाणतो.

आतां दुसरें चित्र पाहा. कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीचे श्री. स्वप्नील कुसळे यांनीं १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस ऑलिंपिकमध्यें ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेंत ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकलें. ह्या खेळांत लक्ष्याच्या मधोमध दहा गुणांचें जें वर्तुळ असतें, त्याचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर, म्हणजे मोठ्या काबुली हरभऱ्याएवढा असतो. पन्नास मीटरांवरून तो डोळ्यांना धड दिसतही नाहीं. आणि नवल असें कीं, त्या रायफलीची गोळीही शिशाचीच असते! इकडेही शिसें, तिकडेही शिसें. मग एवढें अंतर कां? ह्या प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतां पदार्थविज्ञान, रसायन आणि इतिहास ह्या तिन्ही विषयांतून आपणांस फेरी मारावी लागेल.

प्रथम, गोळीसाठीं शिसेंच कां घेतात तें पाहूं. ह्या धातूच्या अंगीं तीन गुण आहेत. पहिला गुण जडपणा. पाण्याच्या मानानें शिसें ११.३४ पट जड आहे; लोखंड आठ पटही भरत नाहीं. निर्गमाच्या पंधराव्या अध्यायांतील गीतांत मिसरी सैन्य शिशाप्रमाणें जलांत बुडाल्याचें जें वर्णन आहे, तें ह्याच गुणावर बेतलेलें आहे. सरकी काढलेल्या कापसाचा गोळा आणि तेवढाच दगड सारख्याच जोरानें फेंकून पाहा. कापूस चार हातांवर पडतो, दगड दूर जातो. हवा दोघांनाही अडविते. परंतु जो जड असतो तो तिला सहज दाद देत नाहीं. दुसरा गुण मृदुपणा. शिशावर नखानें ओरखडा उठतो, त्यामुळें बंदुकीच्या पोलादी नळीस गोळीपासून इजा होत नाहीं. तिसरा गुण लवकर वितळणें. लोखंड वितळण्यास सुमारें १५४० अंश उष्णता लागते. शिसें ३२७ अंशांवरच पातळ होतें. म्हणजे साध्या कोळशाच्या शेगडीवर, लोखंडी पळींत, कोणासही तें वितळवितां येई. म्हणूनच बंदूक निघाल्यापासून कित्येक शतकें सैनिक व शिकारी आपापल्या गोळ्या आपणच ओतीत असत. आजही आपण 'बारा बोअर' हा शब्द ऐकतों. त्याचा मूळ अर्थ असा कीं, एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या असतां त्यांतील एक गोळी ज्या नळींत बरोबर बसेल, ती नळी बारा बोअरची.

ओतण्याचें काम दिसावयास सोपें असलें तरी त्यांत मोठी खुबी असे. शिसें वितळलें कीं वर काळपट मळी जमते. त्यांत मेणाचा तुकडा टाकून ढवळीत व मळी काढून टाकीत. साचा थंड असेल तर धातु आंत पसरण्यापूर्वींच गोठे आणि गोळीवर सुरकुत्या पडत. साचा फार तापला तर पृष्ठभाग धुरकट व खरखरीत होई. शिशांत थोडें कथील मिसळलें म्हणजे धातु साच्याच्या कोनाकोपऱ्यांत नीट शिरे व गोळीस कठीणपणाही येई. सोळा भाग शिसें आणि एक भाग कथील हें मिश्रण लांब पल्ल्याच्या नेमबाजांना विशेष प्रिय असे. मग प्रत्येक गोळी सराफी कांट्यावर तोलीत. जी वजनाला हलकी भरे तिच्या पोटांत हवेचा बुडबुडा राहिला असें समजून ती पुन्हां पळींत टाकीत. वरून सुंदर दिसणारी पण आंतून पोकळ अशी गोळी कांट्याशिवाय ओळखतां येत नसे.

आतां ठासणीच्या बंदुकीची गोळी वांकडी कां जाते तें पाहूं. ही बंदूक तोंडाकडून भरावयाची असते. नळींत दारूची काजळी सांचते. तींतून गोळी खालीं उतरावी म्हणून गोळी नळीपेक्षां किंचित् लहानच ठेवावी लागते. बार उडाला म्हणजे ही सैल गोळी नळीच्या भिंतींवर आदळत आपटत बाहेर येते. शेवटची टक्कर उजव्या बाजूस झाली तर ती डावीकडे वळते, डाव्या बाजूस झाली तर उजवीकडे. शिवाय त्या टकरीनें तिला कसली तरी गिरकी मिळते. आणि चेंडूफळीच्या खेळांत फिरकीचा चेंडू जसा हवेंत वळतो, तशी तीही वाटेंत वळते. नेमणाऱ्याचा हात कितीही स्थिर असो, ह्या गोळीच्या मनांत काय आहे हें त्यास कळणें शक्यच नसतें.

ह्यावर उपाय मुलांच्या भोंवऱ्यानें शिकविला. फिरणारा भोंवरा एका आरेवर ताठ उभा राहतो. थांबला कीं कलंडतो. नळीच्या आंतल्या बाजूस पेचदार खांचा पाडल्या तर गोळी ठरलेल्या दिशेनें फिरत बाहेर पडते व आपली रेषा सोडीत नाहीं. अशा खांचांची बंदूक तीच रायफल. परंतु येथें एक अडचण आली. खांचा गोळींत रुतावयाच्या तर गोळी घट्ट पाहिजे. आणि घट्ट गोळी तोंडाकडून ठासावयाची तर हातोड्यानें ठोकावी लागे, त्यांत वेळ फार जाई. १८४९ सालीं मिनिए नांवाच्या फ्रेंच कप्तानानें पुढें आणलेल्या गोळीनें ही अडचण दूर झाली. ही गोळी लांबट, टोंकदार व बुडाशीं पोकळ होती. भरतांना ती सैल असल्यामुळें सहज उतरे. बार पेटला कीं दारूच्या वायूनें तिचें मऊ बूड फुगून खांचांत घट्ट बसे. शिशाचा मृदुपणाच येथें कामास आला. ह्याच तत्त्वावर इंग्रजांची १८५३ ची एन्फील्ड रायफल तयार झाली.

ह्या रायफलीच्या काडतुसांस चरबी कां लावीत, ह्याचें कारणही येथेंच सांगतां येईल. जुनी काळी दारू जळाल्यावर तिचा अर्ध्याहून अधिक भाग राखेच्या रूपानें मागें राहतो. शिवाय मऊ शिसें घासून नळीस चिकटतें. कांहीं तरी स्निग्ध पदार्थ लावल्यावांचून चारदोन बारांनंतर दुसरी गोळी उतरणें कठीण होई. शास्त्राला फक्त स्निग्धता हवी होती; ती मेणानें किंवा तुपानेंही भागण्यासारखी होती. पण काडतूस दांतांनीं तोडावयाचें, आणि त्यास गाईची व डुकराची चरबी लावली आहे असा समज हिंदु व मुसलमान शिपायांत पसरला. शिपायांनीं आपल्या पसंतीचें वंगण वापरावें असें सरकारनें १८५७ च्या जानेवारींत ठरविलें खरें. परंतु तोंवर विश्वास उडाला होता. १० मे रोजीं मीरतेस जो वणवा पेटला त्याचीं कारणें अनेक होतीं. तरी ठिणगी ह्या वंगणाची होती. हत्यार सुधारणाऱ्यांनीं धातूचा विचार केला, तें हत्यार वापरणाऱ्या माणसांचा केला नाहीं, हा धडा विसरण्याजोगा नाहीं.

गोळी सरळ निघाली म्हणजे ती सरळच जाते असें मात्र नव्हे. नळींतून सुटल्या क्षणापासून पृथ्वी तिला झाडावरून पडणाऱ्या फळाप्रमाणेंच खालीं ओढूं लागते. ऑलिंपिकमधील लहान गोळीचें वजन सुमारें २.६ ग्रॅम व वेग सेकंदास सुमारें ३२० मीटर असतो. पन्नास मीटर जाण्यास तिला एका सेकंदाचा साधारण सहावा भाग लागतो. तेवढ्या वेळांत ती सुमारें बारा सेंटिमीटर खालीं येते. म्हणून नळीचें तोंड तितकें वर उचललें जाईल अशी मागची दर्शनी बसवितात. हजार यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरांवर, जुन्या शिशाच्या गोळीला सुमारें तीन सेकंद लागत. वेळ दुप्पट झाला तर पतन चौपट होतें, हा नियम आपण वर्गांत शिकलोंच आहों. त्या हिशेबानें ही गोळी वाटेंत सुमारें चाळीस मीटर खालीं येई! शिवाय तीन सेकंदांत आडवा वारा तिला कित्येक फूट बाजूस नेई. तेव्हां दूरचा नेमबाज लक्ष्यापेक्षां निशाणांच्या फडफडण्याकडेच अधिक पाहत असे.

अशा दूरच्या नेमबाजीचा एक प्रसिद्ध सामना २६ सप्टेंबर १८७४ रोजीं न्यूयॉर्कजवळ क्रीडमूर येथें झाला. एका बाजूस आयर्लंडचे सहा वीर. त्यांच्या रायफली तोंडाकडून भरावयाच्या. दुसऱ्या बाजूस अमेरिकेचे सहा; त्यांच्या मागून भरावयाच्या. अंतरें ८००, ९०० आणि १००० यार्ड. प्रत्येक अंतरावर प्रत्येकास पंधरा गोळ्या, आणि मध्यवेधास चार गुण. गोळ्या शिशाच्या, सुमारें तीन तोळे वजनाच्या. ९०० यार्डांवर मिल्नर नांवाच्या आयरिश वीराची एक गोळी मध्यावर अचूक बसली. परंतु हाय! तें लक्ष्य त्याचें नव्हतें, शेजारचें होतें. गुण मिळाला शून्य. अखेरीस आयर्लंडचे ९३१ गुण झाले, अमेरिकेचे ९३० होते, आणि अमेरिकेची एकच गोळी उरली होती. ती मारावयाची होती कर्नल बोडाइन यांना; आणि नेमक्या त्याच वेळीं पेयाची बाटली फुटून त्यांचा हात कापला. हातास रुमाल बांधून ते पालथे पडले, श्वास आवरला आणि चाप ओढला. गोळी मध्यावर बसली. ९३४ विरुद्ध ९३१ असा अमेरिकेचा जय झाला. मिल्नरचे ते चार गुण जमेस असते तर आयर्लंडचे ९३५ झाले असते. चुकीच्या लक्ष्यावर मारलेला अचूक नेम हा चुकलेल्या नेमापेक्षां कोणत्याही रीतीनें अधिक मोलाचा ठरत नाहीं.

येथपर्यंत वाचून एखाद्या उत्साही विद्यार्थ्यास शेगडी पेटविण्याची इच्छा होईल; म्हणून चार शब्द स्पष्ट सांगणें अवश्य आहे. परवान्यावांचून गोळ्या अथवा काडतुसें तयार करणें हा आपल्या देशांत गुन्हा आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें शिकारीस बंदी आहे. दुसरें असें कीं, वितळलेल्या शिशांत पाण्याचा एक थेंब पडला तर त्याची तत्काळ वाफ होऊन तप्त धातु चोहोंकडे उसळतो. त्यानें डोळे जाऊं शकतात. तिसरी गोष्ट पालकांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. शिसें विषारी आहे. त्याची धूळ व धूर श्वासाबरोबर किंवा न धुतलेल्या हातांनीं पोटांत जातो, शरीरांत सांचत राहतो, आणि लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवितो. जाळ्याच्या वजनांसाठीं असो वा अन्य कशासाठीं, जुन्या बॅटऱ्यांचें शिसें घरच्या अंगणांत वितळविणें म्हणजे मुलांच्या ताटांत विष कालविणें होय. ज्यास नेमबाजी शिकावयाची असेल त्यानें एन. सी. सी. च्या शिबिरांत किंवा मान्यताप्राप्त क्लबांत गुरूच्या देखरेखीखालीं शिकावी, आणि चांदमारीवरून परतल्यावर जेवणापूर्वीं हात साबणानें धुवावे. कोल्हापूरच्याच श्रीमती तेजस्विनी सावंत २०१० सालीं म्यूनिक येथें ५० मीटर रायफलमध्यें ६०० पैकीं ५९७ गुण मिळवून जगज्जेत्या झाल्या, त्या अशाच शिस्तीच्या मार्गानें.

शेवटीं एक योगायोग सांगून हा लेख पुरा करतों. पुण्याजवळ खडकी येथें दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालीं निघाला. त्याच सालीं मुंबईस जावजी दादाजी यांनीं निर्णयसागर छापखाना काढला. हे जावजी लहानपणीं अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत काम शिकलेले होते, आणि छपाईचे देवनागरी खिळे ओतण्यांत त्यांचा हातखंडा होता. खिळे कशाचे? शिशाचेच, कठीणपणासाठीं त्यांत कथील व अँटिमनी मिसळलेलें. तीच पळी, तोच साचा, तीच मळी काढण्याची खटपट, आणि पोकळ निघालें तें पुन्हां वितळविण्याचा तोच नियम. एका साच्यांतून गोळी निघाली, दुसऱ्यांतून अक्षर निघालें. धातूला स्वतःचा हेतु नसतो. हेतु साचा धरणाऱ्या हाताचा असतो. विद्यार्थी बंधुभगिनींनो, आपलें वयही सध्यां पातळ शिशासारखेंच आहे. साचा निवडण्याची वेळ हीच; आणि एकदां गोठल्यावर पुन्हां वितळणें माणसाला शिशाइतकें सोपें जात नाहीं.