ओळख मोबाईलवरची, काळजी आयुष्याची

दक्षिण दिल्लीतले मुनिरका म्हणजे अरुंद गल्ल्या आणि भाड्याच्या खोल्या. शेजारी जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, जवळच आय.आय.टी. गावोगावची मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी येथे राहतात. घर दूर, एकटेपणा सोबतीला आणि हातात मोबाईल! त्यावर पुरुषाला दुसऱ्या पुरुषाची ओळख होते आणि तासाभरात भेटही ठरते.

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान व्यक्तींचे परस्परसंमतीचे असे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. कायद्याचे भय गेले, पण लाज उरली. या लाजेपोटीच तपासणी टाळली जाते.

चेहऱ्यावरून कळत नाही

‘मी निरोगी आहे’ असे लिहिणारा खोटेच बोलतो असे नाही. त्याला स्वतःलाच ठाऊक नसते. एचआयव्हीची लागण झालेला माणूस अनेक वर्षे धडधाकट दिसतो. शिवाय लागण झाल्यावर लगेच केलेल्या चाचणीत ती आढळत नाही, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी करावी. गुदमार्गाच्या संबंधात धोका सर्वाधिक असतो. तेव्हा निरोध हवाच. त्यावर खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावू नये, निरोध फाटतो. गरमी, परमा यांचीही तपासणी करून घ्यावी.

७२ तास मोलाचे

निरोध फाटला किंवा वापरलाच नाही, तर रडत बसू नका. ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर डॉक्टरांना गाठा. त्यांच्या सल्ल्याने २८ दिवस गोळ्या घेतल्यास लागण बहुधा टळते. मुनिरकाहून सफदरजंग रुग्णालय आणि एम्स फार लांब नाहीत. सरकारी केंद्रांत एचआयव्हीची चाचणी मोफत होते. १०९७ या क्रमांकावर मोफत सल्लाही मिळतो.

घरमालकाला कळले तर?

ही धास्ती अनेकांना असते. परंतु २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि अहवाल गुप्त ठेवावा लागतो. लागण झाली म्हणून भाड्याची खोली किंवा नोकरी नाकारणेही बेकायदा आहे.

आणि लागण आढळलीच तर? सरकारी केंद्रात औषधे मोफत मिळतात. ती नियमित घेतल्यास माणूस दीर्घ आयुष्य जगतो. रक्तातील विषाणू तपासणीत न सापडण्याइतके घटले आणि तसेच राहिले, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

आईवडिलांनो, मुलगा कधी धीर करून काही सांगू लागला, तर आधी त्याचे पुरते ऐकून घ्या. तुमच्या रागाला भिऊन तो गप्प बसला, तर उपचाराची वेळ निघून जाईल.