अकरा फाइलींचा ताळा
आकड्यांशी व्यवहार : लेखांक ७

अनेक फाइलींतली माहिती एका तक्त्यात आणणारी स्क्रिप्ट लिहिणे आज अवघड राहिलेले नाही. फोल्डरमधली एकेक फाइल उघडून तिच्या ओळी मुख्य शीटच्या तळाशी जोडणारा व्हीबीएचा मॅक्रो वीस-पंचवीस ओळींत होतो; पायथनमध्ये पांडाजच्या मदतीने तेच काम चार-पाच ओळींत उरकते. त्यामुळे या विषयावरचे बरेचसे मार्गदर्शन ‘जोडायचे कसे’ इथेच थांबते. माझ्या मते खरे काम त्यानंतर सुरू होते. जितक्या ओळी आल्या तितक्या पोचल्या का, ज्या रूपात आल्या त्याच रूपात पोचल्या का, याचा ताळा जी स्क्रिप्ट स्वतःहून देत नाही ती अपुरी आहे, मग ती कितीही झटपट चालो.

इंग्लंडमध्ये २०२० साली या अपुरेपणाची मोठी किंमत मोजावी लागली. कोविड चाचण्यांचे निकाल प्रयोगशाळांकडून सीएसव्ही फाइलींत येत आणि पब्लिक हेल्थ इंग्लंड या सरकारी संस्थेची यंत्रणा ते आपोआप एक्सेलच्या साच्यांत ओढून घेई. साचे जुन्या एक्सएलएस प्रकारातले होते. त्या प्रकारात एका शीटवर ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नसते. नव्या एक्सएलएसएक्समध्ये हीच मर्यादा १०,४८,५७६ आहे. एकेका रुग्णामागे अनेक ओळी लागत असल्याने, बीबीसीच्या वृत्तानुसार, सुमारे १,४०० रुग्णांतच साचा भरून जाई. उरलेल्या ओळी गळत. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातल्या १५,८४१ बाधितांची नोंद रोजच्या आकडेवारीत आली नाही. चाचणी झालेल्यांना आपापला निकाल कळला होता. पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधणाऱ्या पथकांपर्यंत ही नावे उशिरा पोचली. थीमो फेट्झर आणि थॉमस ग्रेबर या अर्थशास्त्रज्ञांनी पुढे दाखवून दिले की, ज्या भागांतल्या नोंदी जास्त गळल्या होत्या तिथे नंतर संसर्ग आणि मृत्यूही अधिक वाढले. आलेल्या फाइलींतल्या ओळींची बेरीज आणि तक्त्यात उतरलेल्या ओळींची संख्या रोज शेजारी शेजारी मांडली असती, तर पहिल्याच दिवशी फरक नजरेत आला असता.

हेच काम माणसाने हाताने केले असते तर चूक दिसली असती, असा आक्षेप यावर येतो, आणि त्यात तथ्य आहे. मर्यादेपेक्षा मोठी फाइल उघडली की एक्सेल ती पूर्ण उघडली नसल्याची सूचना देते. मॅक्रो लिहिणारे मात्र काम मध्येच अडू नये म्हणून अशा सूचना सुरुवातीलाच बंद करून टाकतात. पाहणारे माणूस तिथून उठले की पाहण्याचे काम कोणाकडेच राहत नाही. म्हणून हाताच्या कामाकडे परत जाणे हा मात्र उपाय नव्हे. कॉपी-पेस्टचा माग उरत नाही. कोणती फाइल दोनदा चिकटली आणि कोणती राहून गेली, हे महिन्याभराने कोणी सांगू शकत नाही. स्क्रिप्ट चुकते तेव्हा दर वेळी सारखीच चुकते. त्यामुळे तिची चूक शोधता येते आणि एकदा दुरुस्त केली की ती दुरुस्तच राहते.

ताळा म्हणजे फक्त ओळींची मोजणीही नव्हे. सातारा जिल्ह्यात ११ तालुके आहेत. प्रत्येकाच्या पावसाची एक फाइल दर महिन्याला येते असे धरू. महाबळेश्वरचा धुवाधार पाऊस आणि माण-खटावचे अवर्षण एकाच जिल्ह्यात असल्याने इथे एक फाइल गळली तरी सरासरी पार बदलते. नावांचा प्रश्न पुढे येतो. जावळी तालुक्याचे मुख्यालय मेढा, माणचे दहिवडी, खटावचे वडूज. एका फाइलीत तालुक्याचे नाव असते, दुसरीत मुख्यालयाचे. कराड आणि कऱ्हाड ही दोन्ही रूपे रूढ आहेत, आणि कऱ्हाडमधला ‘ऱ्ह’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होऊ शकतो. वाचणाऱ्याला दोन्ही एकच दिसतात, स्क्रिप्ट त्यांना दोन वेगळे तालुके समजते. म्हणून जुळणी नावावर न करता तालुक्याच्या सरकारी संकेतांकावर करावी. त्याहून घातक तारखा. ०७/०८ म्हणजे आपल्याकडे ७ ऑगस्ट; पण व्हीबीएने सीएसव्ही उघडताना ‘लोकल’ हा पर्याय स्पष्टपणे चालू केला नाही, तर ती अमेरिकी पद्धतीने, महिना आधी धरून वाचली जाते आणि तो पाऊस ८ जुलैला पडल्याची नोंद होते. तेरावा महिना नसल्याने १३ तारखेपासून पुढच्या तारखा मात्र उलटत नाहीत. अर्धा महिना बरोबर, अर्धा चूक, आणि ओळींची संख्या तंतोतंत जुळलेली! रिकाम्या जागांचेही तसेच. रिकामी जागा म्हणजे त्या दिवशी मोजणी झाली नाही. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. तक्ता नीटनेटका दिसावा म्हणून सगळीकडे शून्य भरणारी स्क्रिप्ट माणमध्ये नसलेला कोरडा दिवस निर्माण करते. यावर मार्ग आहे: सगळे रकाने आधी मजकूर म्हणूनच वाचायचे, तारखेची पद्धत आपण सांगायची, आणि जे मूल्य त्या पद्धतीत बसत नाही ते वेगळ्या शीटवर काढून त्याची संख्या नोंदवायची.

एक्सेलमधली पॉवर क्वेरी फोल्डर दाखवला की सगळ्या फाइली आपणच जोडते, मग स्क्रिप्ट कशाला, असेही विचारले जाते. पॉवर क्वेरी चांगली आहे; प्रत्येक ओळ कोणत्या फाइलीतून आली हे सांगणारा रकाना ती स्वतःहून जोडते, आणि ही सवय प्रत्येक स्क्रिप्टने उचलावी. परंतु नेहमीच्या मांडणीत ती एका नमुना फाइलीवरून रकान्यांची यादी ठरवते. दुसऱ्या फाइलीत एखादा जास्तीचा रकाना असला तर तो गाजावाजा न करता गळतो. पांडाज उलट करते: मथळ्याच्या शेवटी एक मोकळी जागा जास्त असली तरी तो नवा रकाना मानते आणि बाकीच्या तालुक्यांपुढे रिकाम्या जागा सोडते. दोन्ही साधने दिलेल्या नियमाप्रमाणेच वागतात. मथळे अपेक्षेप्रमाणे आहेत की नाहीत, हे जोडण्यापूर्वी तपासायला सांगणे आपले काम आहे.

राहिला प्रश्न कष्टांचा. अकरा फाइलींसाठी एवढा खटाटोप पहिल्या महिन्यात जड वाटेल. पण पाटणहून दुरुस्त केलेली फाइल दहा दिवसांनी येते, तेव्हा जुन्या फाइलीच्या जागी नवी ठेवून स्क्रिप्ट पुन्हा चालवली की पुरते. हाताने केलेल्या तक्त्यात पाटणच्या जुन्या ओळी शोधत बसावे लागते. आणि महिनाअखेर अकराऐवजी दहाच फाइली आल्या, तर स्क्रिप्टने दहांचा तक्ता बनवून जिल्ह्याची सरासरी काढू नये. तिने आधीचा तक्ता जसाच्या तसा ठेवावा, कोणत्या तालुक्याची फाइल आलेली नाही ते नावानिशी लिहावे आणि थांबावे. पुढे काय करायचे हे त्या आकड्यांवर सही करणारा अधिकारी ठरवील.