पत्नीची केमोथेरपी आणि घरचे कॅलेंडर

पत्नीला स्तनाचा कर्करोग असल्याचे कळले, की बहुतेक गृहस्थ माझ्याकडे औषधांची नावे विचारायला येतात. औषधे ठरविणे हे कर्करोगतज्ज्ञांचे काम. नवऱ्याने घरी करायचे काम निराळे असते आणि ते सहसा कोणी समजावून सांगत नाही.

केमोथेरपीची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतातच. पण केसांची मुळे, तोंडाचे अस्तर आणि हाडांच्या मगजात तयार होणाऱ्या रक्तपेशीही तशाच. म्हणून केस गळतात, तोंड येते, पांढऱ्या पेशी घटतात. या आजारात पुष्कळदा दर २१ दिवसांनी डोस असतो. पहिले चार-पाच दिवस मळमळ व थकवा. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वांत कमी. तिसऱ्या आठवड्यात जरा बरे वाटू लागते, तोवर पुढची तारीख येते.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर डोसाचा दिवस लिहा आणि हा मधला आठवडा लाल पेन्सिलीने रंगवा. घरचा कारभार त्यावर बसवा. सासूबाईंना किंवा बहिणीला मदतीला बोलवायचे ते पहिल्या आठवड्यात. मुलाचा वाढदिवस तिसऱ्यात. लाल दिवसांत पाहुणे नकोत. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणे हे कर्तव्य समजतात आणि ती बिचारी भिडेपोटी उठून चहा टाकते! दारातच नम्रपणे सांगण्याचे काम तुमचे.

याच दिवसांत ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्यावर गेला, तर तो साधा ताप समजू नये. जंतुसंसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. गोळीने ताप उतरतो, संसर्ग तसाच राहतो. रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठा. तेथे शिरेतून अँटिबायोटिक सुरू करावे लागते. मुंबई लांब आहे, म्हणून पहिल्या डोसाआधीच तज्ज्ञांना विचारून ठेवा, की अशा वेळी जवळ कोठे न्यावे. गाडी कोणाची, हेही ठरवा. थर्मामीटर आणि फाईल एका पिशवीत असू द्या.

फोडणीच्या वासाने तिला मळमळते. तेव्हा वरणभाताचा कुकर लावता येत नसेल तर शिकून घ्या. अन्न ताजे, शिजवलेले, पाणी उकळून. मात्र सगळेच तिच्या हातून काढून घेऊ नका. भाजी कोणती आणायची, मुलीची फी कधी भरायची, हे तिलाच विचारा.

केस बहुधा दोन-तीन आठवड्यांत गळू लागतात. मुलांना त्याआधीच सांगा. न सांगितल्यास मुले मनात भलतेच रचतात. आपण त्रास दिला म्हणून आई आजारी पडली, असेही त्यांना वाटते. कर्करोग स्पर्शाने होत नाही, आईच्या कुशीत झोपू द्या. सर्दी-ताप असेल तेव्हा तेवढे दूर. डोसानंतर दोन दिवस उलटी वगैरे साफ करताना मोठ्यांनी हातमोजे घालावेत.

खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा. मुंबईला टाटा रुग्णालयात जायचे असल्यास दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे. रेल्वेत रुग्णाला व सोबत्याला सवलत मिळते, पण त्याचा दाखला रुग्णालयाच्या सही-शिक्क्यानिशी लागतो. तो आधीच्या भेटीतच मागून ठेवावा.